घाम कुणाचा?

दगडाला घाम फुटला आणि सभागृहातल्या दोनशे माणसांच्या तोंडून एकच उद्गार निघाला.

माणसाच्या उंचीचा काळाभोर, गुळगुळीत दगड होता तो. व्यासपीठामागच्या भिंतीत बसवलेला. आधी त्याच्यावर नुसतीच धूसर वाफ धरल्यासारखी दिसली. मग बारीक बारीक थेंब आले. मग थेंबाला थेंब मिळाला, एक ओघळ निघाला आणि खालच्या स्टीलच्या पन्हळीत टपकन पडला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंना हुंदका आवरेना.

"रडू नका, आई," शीतलभाऊ म्हणाले. शेजारी बाळ झोपलंय अशा हळू आवाजात ते बोलायचे. माइक मात्र चांगला दणदणीत लावलेला असायचा. "सोसायचं काम आता तुमचं नाही. तुमचा ताप, तुमची साखर, तुमचं दुखणं सगळं हा ओढून घेतो आणि घामावाटे बाहेर टाकतो. डॉक्टर काय करतो? तुम्हालाच टोचतो! दगड काय करतो? स्वतः सोसतो! आणि बघा, गर्दी वाढली की घाम वाढतो. का वाढतो?"

"दुःख वाढतं म्हणून!" दोनशे माणसं एका सुरात म्हणाली. उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

नवव्या रांगेत दोघी बहिणी बसल्या होत्या. थोरली ताई, वय साठ, अठरा वर्षं इन्सुलिनवर. धाकटीला घरात सगळे बारकी म्हणत, वयाची बावन्न वर्षं उलटून गेली तरी. प्रयोगशाळेत मात्र ती 'मॅडम' होती. प्रथिनांचा अभ्यास करणारी रसायनतज्ज्ञ, आणि त्या कामात तिचा शब्द प्रमाण मानला जाई. ताईनं "एकदा चल तरी" म्हणून चार वेळा गळ घातली, तेव्हा ती आली होती.

खरं तर बारकीला अर्ध्या मिनिटात संशय आला होता. फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर पाणी धरतं, तसंच काहीतरी हे असणार. तसं ताईच्या कानात सांगायला ती वाकलीसुद्धा. तेवढ्यात शीतलभाऊंनी बोट वर केलं.

"काही शिकलेली माणसं म्हणतात, हे पाणी आहे. त्यांच्यासाठी आम्ही विज्ञानाचा दाखला लावून ठेवलाय. वाचा."

दगडाच्या उजव्या बाजूला, काचेच्या चौकटीत, दिव्याखाली एक कागद होता. मोठा करून छापलेला, मागच्या रांगेलाही वाचता यावा असा. 'सदर नमुन्यात मानवी त्वचा व मानवी घामातील प्रथिनं आढळली.' खाली तारीख, सहा वर्षांपूर्वीची. आणि त्याखाली बारकीची सही.

कानाशी नेलेलं तोंड तिनं मिटून घेतलं.

परतताना बसमध्ये ताईनं विचारलं, "सही तुझीच ना गं?"

"माझीच."

"खरं लिहिलं होतंस ना?"

"लिहिलं ते खरंच होतं. पण..."

पुढचं वाक्य मोठं होतं. त्यात तिची चूक सांगावी लागणार होती, आणि समोर दोन अनोळखी माणसं कान देऊन बसली होती. "सावकाश सांगते तुला," ती म्हणाली. ताईनं समाधानानं मान हलवली. तिचा थांबा आला, ती उतरली आणि खिडकीतून हात हलवून गेली. 'सावकाश' कधी उजाडलं नाही. दुसऱ्या दिवशी एक अहवाल द्यायचा होता, परवा बैठक होती. आणि सोमवारपासून ताईनं इन्सुलिन बंद केलं, हे बारकीला ठाऊकच नव्हतं.

बारकीचं काम समजायला फार शिकावं लागत नाही. प्रथिनांचे एका पाचक रसानं तुकडे करायचे. त्या तुकड्यांना विजेचा भार देऊन मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात सोडायचं. यंत्र प्रत्येक तुकड्याचं वजन सांगतं. कुठल्या प्रथिनाचे तुकडे किती वजनाचे, याच्या याद्या संगणकात असतात. जुळलं की नाव पुढे येतं. इतकं नाजूक वजन, की कुणी नमुन्यावर नुसता हात फिरवला तरी यंत्राला कळतं. गुण म्हणा, खोड म्हणा, त्या यंत्राची तीच.

सहा वर्षांपूर्वी हे यंत्र नवंकोरं आलं होतं. संचालकांच्या ओळखीतून एक बाटली आली: "जरा बघून द्या, कशाचं पाणी आहे." कडाक्याची थंडी होती. हातमोज्यांचा खोका संपला होता, नवा आणायला दोन मजले उतरावे लागले असते. बारकीनं उघड्या हातांनी नळी उघडली, उघड्या हातांनी पाणी आटवलं. अंगात ताईनं विणलेला निळा लोकरी स्वेटर होता. कोरा नमुना मात्र तिनं चालवला नाही. कोरा नमुना म्हणजे साधं शुद्ध पाणी, त्याच्यावर तीच सगळी क्रिया करायची असते. कोऱ्या पाण्यातही जे निघतं ते नमुन्याचं नव्हे, तपासणाऱ्याचं. हा धडा ती दर वर्षी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी द्यायची. त्या दिवशी यंत्राची वेळ कमी होती, काम फुकटचं होतं, आणि कशाला एवढं, असं तिला वाटलं.

त्वचेचं प्रथिन निघालं. घामातलं एक प्रथिन निघालं. तिनं एका ओळीचा अहवाल लिहिला, सही ठोकली.

पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली, 'दगडाला मानवी घाम, शास्त्रज्ञांचं शिक्कामोर्तब.' बारकी चपापली. खुलासा पाठवायला हवा, असं तिच्या मनात आलंही. पण त्याच आठवड्यात तीन ठिकाणांहून व्याख्यानाची बोलावणी आली. ती यंत्राविषयी बोलायची, दगडाविषयी अवाक्षर काढायची नाही. लोक टाळ्या वाजवायचे. पुढच्या वर्षी ती विभागप्रमुख झाली. टाळ्या गोड लागल्या होत्या, हे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी भाचीचा फोन आला. ताईची मुलगी ती, तिशीतली, फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारी मेकॅनिक. एरवी फोनवर आधी दोन विनोद करणारी. आज ती एवढंच म्हणाली, "मावशी, आई उठत नाहीये. हॉस्पिटलला ये."

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर भाची बसली होती. हाताला ग्रीस तसंच. "फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या बाटल्या आहेत गं. सीलसुद्धा फोडलेलं नाही. मी रोज त्या फ्रिजमधून दूध काढतेय, मावशी. रोज!"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात 'दगडाचा घाम' अशी चिठ्ठी लावलेली एक इवलीशी बाटली आणि सभागृहातल्या त्या दाखल्याची एक झेरॉक्स होती. "रक्तात आम्ल झालंय. इन्सुलिन अचानक बंद केलं की होतं. आज रात्र गेली की सांगता येईल." त्यांनी बाटली वर धरली. "ही घेत होत्या त्याऐवजी. या बाटलीपायी इथे आलेल्या या तिसऱ्या. पहिले गृहस्थ घरी गेले. दुसऱ्या बाई गणिताच्या शिक्षिका होत्या. गणिताच्या, बरं का! त्या गेल्या. त्यांच्या पर्समध्येही हाच कागद होता." त्यांनी झेरॉक्स फडफडवली. "कोण आहे ही मूर्ख बाई, देव जाणे. एकदा गाठून विचारायचंय मला."

भाची तिच्याकडे पाहत होती. भाचीला सही ओळखू येत होती.

"मीच ती," बारकी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. आणि त्या आत निघून गेल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाची म्हणाली, "तू मागच्या रविवारी तिथे होतीस आईबरोबर."

"होते."

"मग बोलली का नाहीस?"

बारकीकडे उत्तर होतं. ते इतकं लाजिरवाणं होतं की उच्चारवेना. 'माझी सही होती म्हणून.'

रात्र गेली. शनिवारी दुपारी ताईनं डोळे उघडले. धोका टळला होता, पण मूत्रपिंडांना मार बसला होता. किती, ते पुढे कळणार होतं. ताईनं पाणी मागितलं एवढं पाहून बारकी थेट प्रयोगशाळेत गेली.

जुनी माहिती संगणकात जशीच्या तशी होती. सहा वर्षांत तिनं ती उघडली नव्हती. आता पूर्ण यादी उघडली. वर त्वचेचं प्रथिन, त्याखाली घामातलं. आणि तळाशी एक नाव, जे तिनं तेव्हा 'धूळबीळ असेल' म्हणून अहवालातून उडवलं होतं. मेंढीच्या लोकरीचं प्रथिन.

दगडाला माणसाचा घाम येतो म्हणावं एक वेळ. पण मेंढीची लोकर?

तिनं दोन नळ्या घेतल्या. एकीत डॉक्टरीणबाईंकडून मागून आणलेल्या त्या बाटलीतलं पाणी. हातमोजे, टोपी, सगळे नियम पाळून. दुसरीत नुसतं शुद्ध पाणी. पण उघड्या हातांनी, तोच निळा स्वेटर घालून, सहा वर्षांपूर्वीसारखंच निष्काळजीपणे. दोन्ही यंत्रात सोडल्या. दगडाच्या पाण्यात काही निघालं नाही. कोऱ्या पाण्यात मात्र सगळी यादी निघाली: त्वचा, घाम, मेंढी.

चौकटीत लावलेला, दिव्याखाली उजळलेला, गणिताच्या बाईंनी पर्समध्ये जपलेला तो घाम दगडाचा नव्हता, कुण्या दुखणेकऱ्याचाही नव्हता. बारकीचा होता. ती दोन्ही हात टेबलावर उताणे टाकून बसून राहिली. तळवे ओले झाले होते.

रविवारी पहाटे भाचीनं फोन उचलला तेव्हा तिचा आवाज कोरडा होता. बारकीनं सगळं सांगितलं, स्वेटरसकट आणि गार तांब्याच्या संशयासकट.

"दगड कुठल्या भिंतीत आहे म्हणालीस?" भाचीनं विचारलं.

"मागच्या. का गं?"

"तू कागदाचं बघ. दगडाचं मी बघते."

सभा सुरू व्हायच्या आधी दोघी सभागृहामागच्या बोळात शिरल्या. मागच्या भिंतीत, गुडघ्याइतक्या उंचीवर, एक जाळी होती. भाचीनं तिच्यापुढे तळवा धरला. "ये, हात लाव. गरम हवा लागतेय ना? आत गारवा करायचा तर आतली उष्णता कुठेतरी फेकावीच लागते. आणि ही घरघर ऐक. कॉम्प्रेसर आहे. जुन्या वॉटर कूलरचा. झोपेत ओळखीन मी." शेजारी लाकडी पेटीत एक स्विच होता, पेटीला कुलूप घालायची कुणाला गरज वाटली नव्हती. "तू आत जा. मी बंद करते. फक्त त्यांना वीस मिनिटं जागेवर थांबवून धर."

आत दगड घामेजला होता. शीतलभाऊंनी "का वाढतो?" विचारलं आणि दोनशे तोंडांनी उत्तर दिलं. त्या आवाजातच बारकी उठली आणि चालत पुढे गेली.

"ती सही माझी आहे," ती म्हणाली. माइक नव्हता, तरी पुढच्या रांगा गप्प झाल्या.

शीतलभाऊ क्षणभर गोंधळले, मग चेहरा उजळला. "या, या! विज्ञान स्वतः चालत आलं बघा!" त्यांनीच तिच्या हातात माइक दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहा वर्षांपूर्वीच्याच टाळ्या.

"त्या कागदावरचा घाम माझा आहे," ती म्हणाली. टाळ्या थांबल्या. "मी हातमोजे न घालता काम केलं. यंत्रानं माझ्या हाताचा घाम पकडला. माझ्या स्वेटरची लोकरही पकडली, ती मी अहवालात लपवली. काल साधं पाणी घेऊन तसंच केलं, तर साध्या पाण्यालाही घाम आला. तुमच्या बाटलीत माणसाचं काही नाही."

शीतलभाऊ हसले. कसलेला माणूस. "ऐकलंत? दगडाच्या पाण्यात बाईंचा घाम निघाला! म्हणजे दगडानं त्यांचंही दुखणं ओढून घेतलं! बाईंना पत्ताच नाही!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. कुणीतरी ओरडलं, "खाली बसा हो!" दुसरा म्हणाला, "किती घेतले डॉक्टरांकडून?" पण वीस मिनिटं धरायची होती, आणि सांगण्यासारखं तिच्याकडे आणखी एकच होतं. ती ते सांगत राहिली. हातमोज्यांचा खोका, न पाठवलेला खुलासा, गोड लागलेल्या टाळ्या, बसमधलं अर्धवट वाक्य. ताई. सील न फोडलेल्या बाटल्या. गणिताच्या बाई. आपल्या पापाचा पाढा असा माइकवर वाचायची वेळ येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मधे मधे आवाज फुटत होता. ती पुन्हा सुरुवात करत होती. कुजबूज हळूहळू थांबली. लोक ऐकत होते, किंवा निदान बघत होते. बाई रडता रडता बोलत असेल तर माणसं मधेच उठून जात नाहीत.

"अहो," पुढच्या रांगेतला एक लोहार म्हणाला. भरदार आवाजाचा माणूस. "ओघळ थांबलाय."

सगळ्यांच्या माना दगडाकडे वळल्या. पन्हळीतलं टपटप थांबलं होतं.

"दगड रागावलाय!" शीतलभाऊ तत्परतेनं म्हणाले. "संशय आला की तो मिटून घेतो."

"रागावलेला नाही, बंद केलाय," दारातून भाची म्हणाली. ती आत आली, खिशातलं फडकं काढून तिनं दगड वरपासून खालपर्यंत पुसला. "याच्या पाठीशी तांब्याच्या नळ्यांचं वेटोळं आहे. कूलरचं. मागच्या बोळात त्याचा स्विच आहे. दगड गार पडला की हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. आणि दोनशे माणसं दारं लावून कोंडली, तर वाफ कुणाच्या श्वासातून येते? तुमच्याच! गर्दी वाढली की घाम वाढतो तो यामुळे."

"खोटं आहे!" शीतलभाऊंचा आवाज पहिल्यांदाच चढला. शेजारी झोपलेलं ते बाळ जागं झालं बहुतेक.

"मग बघू की," लोहार उठला. "मी बोळात जातो. तुम्ही इथून ओरडा. चालू म्हणाल तर चालू, बंद म्हणाल तर बंद."

शीतलभाऊंनी त्याला अडवायला दोघांना पाठवलं. पण त्याच्यामागे आणखी आठदहा जण उठले, आणि ते दोघे बाजूला झाले. प्रत्येक खेपेला पंधरा-वीस मिनिटं वाट पाहावी लागली, पण लोक माना ताणून बसून राहिले. "चालू!" दगड धूसर झाला, थेंब आले. "बंद!" पुसला. कोरडा. पुसला. कोरडाच. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा करा म्हणून मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी हट्ट धरला, त्यांना नीट दिसलं नव्हतं. तिसऱ्यांदाही तेच झालं. वाळलेल्या दगडाच्या कडांना, फडकं पोचलं नव्हतं तिथे, पांढुरके ठिपके उमटले होते. बोळातून परतलेल्या लोहारानं ते बोटानं चाखले. "मीठ. रोज मिठाच्या पाण्यानं पुसत असणार. घाम खारट लागायला नको का?"

कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग बरेच जण हसले. शीतलभाऊ व्यासपीठामागच्या दारानं केव्हा गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

सगळेच हसले नाहीत. तीसेक माणसं बाटल्या छातीशी धरून बसून राहिली. पुढच्या रांगेतल्या त्या बाई बारकीजवळ आल्या. "माझ्या मुलाला फिट येतात," त्या म्हणाल्या. "हे पाणी नाही, तर मग मी काय देऊ?"

बारकीकडे चमत्कार नव्हता. तिनं त्यांच्याबरोबर जायचं कबूल केलं, मेंदूच्या डॉक्टरांकडे, सोमवारी. ती गेलीही.

त्याच सोमवारी तिनं संचालकांपुढे पत्र ठेवलं: जुना अहवाल मागे घेत आहे, कारणं खाली. संचालकांनी ते दोनदा वाचलं. "एवढं उकरून काढायची गरज आहे का? तुझं वाक्य चुकीचं नव्हतं."

"नव्हतं," बारकी म्हणाली. "म्हणूनच सहा वर्षं टिकलं."

पत्र वर्तमानपत्रात छापून आलं, आतल्या पानावर, चार ओळींत. विभागप्रमुखपद तिनं आपणहून सोडलं. यंत्र सोडलं नाही. ते नीट वापरणं एवढंच तिच्या हातात उरलं होतं. गणिताच्या बाईंच्या घरी ती गेली. त्यांच्या यजमानांनी दार उघडलं, शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि दार लावून घेतलं.

ताई घरी आली ती आठवड्यातून दोनदा डायलिसिसची वेळ लिहिलेला कागद घेऊन. बारकीनं तिच्या उशाशी बसून बसमधलं ते अर्धवट वाक्य अखेर पूर्ण केलं. ताई छताकडे पाहत ऐकत होती.

"मला काय येडी समजलीस?" ती सावकाश म्हणाली. "दगडाला घाम येतो यावर माझा कधीच विश्वास बसला नव्हता. मी तुझ्या सहीवर विश्वास ठेवला."

बारकीनं तिचा हात हातात घ्यायचा प्रयत्न केला. ताईनं तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

आता बारकी दर शनिवारी त्याच हॉस्पिटलच्या प्रतीक्षाकक्षात जाते. डॉक्टरीणबाईंनीच तिला जागा दिली. मूर्ख म्हटलेलं मागे मात्र घेतलं नाही. लोक तिच्यापुढे कागद आणून ठेवतात: हे चूर्ण तपासलेलं आहे, या पट्ट्यावर शास्त्रज्ञाची सही आहे, हे तेल प्रयोगशाळेतून आलंय. आणि विचारतात, खरं का हो? ती पटकन हो किंवा नाही म्हणत नाही. ती म्हणते: कुणी तपासलं, कसं तपासलं, कशाशी ताडून पाहिलं, ते विचारा. दुसऱ्या कुणी करून पाहिलं तर तेच निघालं का, विचारा. उत्तर देताना कुणी चिडलं, तर समजा की कुठेतरी पाणी मुरतंय. बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, आणि शास्त्रज्ञाला तर आधी विचारा, कारण त्याच्या एका ओळीनं माणसं औषध सोडतात. मोठ्या सहीपुढे गप्प बसू नका. माझ्या सहीपुढे तर मुळीच नको. आणि काय वाट्टेल ते झालं, तरी चालू असलेलं औषध आपल्या मनानं बंद करू नका.